अकरा वेळा मेलेला टपालवाला

आर्वो निस्कानेननं चौतीस वर्षं टपाल वाटलं. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या टॅमरॅक हार्बर गावाबाहेरचा दोन नंबरचा रस्ता त्याच्याकडे होता. एकशे बारा घरं, एकोणसत्तर मैल आणि वर्षातले पाच महिने बर्फ. निवृत्तीच्या दिवशी पोस्टात केक कापला, तेव्हा पोस्टमास्तरीणबाई भाषणात म्हणाल्या, "आर्वोनं आजवर साधारण दहा लाख पत्रं पोचवली असतील." आर्वोनं केकची बशी खाली ठेवली.

"साधारण कशाला?" तो म्हणाला. "रोजच्या नोंदी आहेत. बघून सांगतो."

सोमवारी तो खरंच आकडा घेऊन आला. नऊ लाख एक्केचाळीस हजार आणि वर काहीतरी. बाईंनी तो कागदावर लिहून घेतला, नाहीतर तो गेलाच नसता.

माझं गावात हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत शेगडी असल्यामुळे गावातल्या बहुतेक समित्यांच्या बैठका माझ्याकडे होतात, आणि खोली माझी म्हणून मीही आपोआप समितीत असतो. 'उत्तर किनारा गुन्हेकथा स्पर्धे'च्या समितीत मी आलो तो असा. लिहिण्या-वाचण्याशी माझा संबंध बिलं आणि कॅटलॉग एवढाच.

स्पर्धा मॅबेल ट्रेंबाथबाईंच्या डोक्यातून निघाली. त्या आमच्या वाचनालयाच्या बाई. लोक सगळ्यात जास्त काय नेतात तर खुनाची पुस्तकं, आणि ते सगळे खून शिकागोत नाहीतर लंडनला, याचं त्यांना वाईट वाटायचं.

"आपल्या भागात काय माणसं नाहीत मारायला?" त्या बैठकीत म्हणाल्या.

आमच्या भागातला शेवटचा गुन्हा म्हणजे कोणीतरी एका होडीचं इंजिन पळवलं होतं. चौथ्या दिवशी ते साफसूफ करून, तेल घालून परत ठेवलेलं सापडलं. त्यामुळे लोकांची हौस तुंबलेली असणार. पहिल्याच वर्षी नऊ कथा आल्या.

पहिलं बक्षीस कर्टिस व्हॅनडाइकला मिळालं. हा रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर. पुलाच्या पलीकडून, म्हणजे दक्षिणेकडून, सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आलेला. त्याच्या कथेत फेब्रुवारीच्या एका सकाळी खुनी एका सावकाराला धक्क्यावरून ढकलतो, 'धप्प' असा आवाज होतो आणि पाण्यावर वर्तुळं उमटतात. कथा साप्ताहिकात छापून आली आणि तीन आठवडे पत्रांचा पाऊस पडला. फेब्रुवारीत आमच्या बंदरात लोक ट्रक उभे करतात. पाण्यावर. एका वाचकानं लिहिलं, 'सावकाराला बुडवायचं तर आधी बर्फाला भोक पाडायला हवं. एवढं मोठं गिरमिट खुन्यानं कोणाकडून आणलं, हे लेखकानं सांगितलेलं नाही.' गिरमिट गावात माझ्याकडेच मिळतं, म्हणून दोघातिघांनी मलाही विचारलं.

मग नियमावलीत चौथा नियम आला : कथेतला गुन्हा या भागात खरोखर करता येण्याजोगा असावा. आणि ते तपासायला एकच माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला.

आर्वोला तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याची बायको लेम्पी जेरीला आली होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या त्यानं उंचीप्रमाणे लावल्या होत्या. मॅबेलबाई विचारायला गेल्या, तेव्हा आर्वोनं तोंड उघडायच्या आत लेम्पी म्हणाली, "तो करेल."

त्यानं ते काम टपालासारखंच केलं. प्रत्येक कथा दोनदा वाचायचा, मग खुनी गेला त्या रस्त्यानं गाडी काढून जायचा, घड्याळ लावायचा आणि एका पोस्टकार्डावर 'शक्य' किंवा 'अशक्य' लिहून, तिकीट लावून आमच्याकडे पाठवायचा. वाचनालय त्याच्या घरापासून चार घरांवर होतं. तरी टपालानंच.

अडचण मयतांची होती. खुनी प्रेत ओढत नेतो असं लेखक एका ओळीत लिहून मोकळे होतात. आर्वोनं आधी बटाट्याचं पोतं ओढून पाहिलं. बटाट्यांना मार लागला आणि लेम्पी चिडली. मग त्यानं जुन्या डगल्यात आणि विजारीत भुसा आणि ओली वाळू भरून एकशे सत्तर पौंडांचा माणूस तयार केला. काम नसेल तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेला असायचा. लेम्पीनं त्याचं नाव एडविन ठेवलं, कारण तिचा भाऊ एडविन येतो तेव्हा त्याच खुर्चीत तसाच बसतो.

"वेस, दोरी दे. चाळीस फूट," आर्वो दुकानात येऊन सांगायचा.

"काय काढलंय आज?"

"पाद्र्याला विहिरीत सोडायचंय. एकट्या बाईला जमतं का बघतो."

शिकागोहून आलेलं एक जोडपं एकदा रंगाचा डबा काउंटरवर तसाच टाकून गेलं. गावातल्यांना सवय झाली. आर्वो एडविनला स्लेजवर घालून मेन स्ट्रीटवरून ओढत निघाला की बँकेतली मुलगी काचेतून हात हलवायची. दोघांनाही.

दुसऱ्या वर्षी कर्टिस मास्तरनं विषाची कथा पाठवली. रसायन त्याचा हातचा विषय, त्यात चूक निघणार नाही असा त्याचा हिशेब. मयत पास्टी खातो, म्हणजे आमच्याकडची भाजलेली मोठी करंजी; आत मांस, बटाटा, गाजर आणि विष. आर्वोचं कार्ड आलं : 'अशक्य.'

मास्तर तणतणत माझ्या दुकानात आला. आर्वो तिथेच बिजागऱ्या बघत होता.

"विषात काय चुकलं सांग."

"विष ठीक आहे. गाजर चुकलं."

"गाजर?"

"पास्टीत सलगम घालतात. गाजर लागलं की इथला माणूस पहिल्याच घासाला पास्टी बाजूला ठेवेल. आणि वाचेल."

"मी गाजर घालून खातो, आर्वो. इथे आल्यापासून खातोय."

"मग तू मेला असतास. पण कथेतला मयत आमच्यासारखा फिनलंडकडचा आहे."

मास्तर माझ्याकडे वळला. "वेस, तू समितीत आहेस ना? बोल काहीतरी."

मी काय बोलणार? आमच्या घरातही सलगमच असतं.

तिसऱ्या वर्षी तेरा कथा आल्या आणि आर्वोनं बारा बाद केल्या. एकीत फाटक उलट्या बाजूला उघडत होतं. एकीत खुनी मंगळवारी कचराकुंडीत सुरी टाकतो, आणि आमच्याकडे कचरा सोमवारी नेतात. उरलेल्या एका कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तिच्यात एक म्हातारी झोपेत मरते आणि शेवटी कळतं की वयानंच मेली.

त्या उन्हाळ्यात लेखक मंडळी कर्टिस मास्तरच्या अंगणात जमली. मी नव्हतो, पण खुर्च्या माझ्या दुकानातून भाड्यानं गेल्या होत्या. तिथे काय ठरलं हे आम्हाला पुढच्या मार्चमध्ये कळलं, जेव्हा मॅबेलबाईंनी माझ्या मागच्या खोलीत पाकिटं फोडली. चौदा कथा होत्या. अकरांमध्ये मयत एकच होता : लोकांच्या कामात नाक खुपसणारा निवृत्त टपालवाला. कुठे त्याचं नाव ओर्वो होतं, कुठे अर्नो. एकानं तर आर्वोच ठेवलं होतं.

मॅबेलबाईंनी चष्मा काढला. "हे त्याला कसं द्यायचं?"

"नियम चार," मी म्हणालो. "द्यावंच लागेल."

आम्ही दोघं पाकिटं घेऊन गेलो. आर्वो टेबलाशी बसून वाचू लागला आणि समोर बसून आम्ही लेम्पीनं दिलेला वेलदोड्याचा पाव खात राहिलो. तिसरी कथा संपली तरी त्याचा चेहरा तसाच. पाचवी संपल्यावर तो म्हणाला, "मी डावरा आहे. हे कोणालाच माहीत नाही का?"

"वाईट वाटलं का, आर्वो?" मॅबेलबाईंनी विचारलं.

"वाटलं ना. यानं माझ्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे दाखवलंय. बाकी गाड्यांना असेल तिकडे, टपालाच्या गाडीला उजवीकडे असतं, पेट्यांच्या बाजूला. चौतीस वर्षं बघतायत लोक."

लेम्पी एकेक कथा त्याच्या हातून सुटली की उचलून वाचत होती. अकरावी वाचून तिनं सगळा गठ्ठा टेबलावर आपटून नीट केला.

"अकरा वेळा विधवा झाले मी," ती म्हणाली. "आणि अकराही वेळा पोलिसांना कॉफी करून दिली. दुसरं काही सुचलंच नाही मला? एकीतही साधा संशयसुद्धा नाही माझ्यावर."

"तुझा स्वभाव चांगला आहे म्हणून," आर्वो म्हणाला.

"तू गप्प बस. तू मेलायस."

दुसऱ्या दिवसापासून आर्वो स्वतःचे खून तपासू लागला. दवाखान्यामागच्या उतारावरून तो एडविनला सात वेळा घरंगळत खाली पाठवून आला. मग सौनात, म्हणजे वाफेनं अंघोळ करायच्या लाकडी खोलीत. कथेत खुनी बाहेरून दाराला ओंडका लावतो, पण आमच्याकडे सौनाचं दार बाहेर उघडतं आणि त्याला कडी नसते, आतला माणूस खांदा मारून ओंडक्यासकट बाहेर येतो. आर्वो तसाच बाहेर आला, टॉवेलवर, आणि समोर लूथरन चर्चच्या बायका देणगीसाठी आल्या होत्या. त्यानं त्यांच्यादेखत घड्याळ बघितलं आणि वहीत वेळ टिपली.

सहा नंबरच्या कथेचा दिवस वेगळा गेला. तिच्यात खुनी एकसष्टाव्या मैलाजवळ टपालवाल्याला मारतो आणि गाडी पळवायला बसतो, तर मागे अजून अडतीस घरांचं टपाल पडलेलं. बियाण्यांचे कॅटलॉग, कानयंत्राच्या बॅटऱ्या, कोणाच्या मुलाचं पत्र. त्याला ते तसंच टाकून जाववत नाही. तो अडतीस घरं पूर्ण करतो, सगळं बरोबर ज्याच्या त्याच्या रस्त्याकडेच्या पेटीत घालतो. आणि पकडला जातो तो एका म्हातारीमुळे. ती पोलिसांना सांगते, आज टपाल आलं पण टकटक आली नाही. तिचा टपालवाला पत्र टाकून झालं की बोटानं पेटीवर दोनदा वाजवतो.

आर्वोनं कथा वाचून खाली ठेवली आणि बाहेर जाऊन लाकडं फोडली. लेम्पी नंतर मला म्हणाली की लाकडं फोडून झालेलीच होती, त्यानं फोडलेलीच पुन्हा फोडली.

दुसऱ्या दिवशी तो त्या अडतीस घरांना जाऊन आला. वेळ बघायचा तर प्रत्येक पेटीशी थांबायलाच हवं. पाच वर्षांनी त्याला पेटीशी थांबलेला पाहून लोक बाहेर येऊन विचारू लागले, "काय रे, परत लागलास का?" तो सांगायचा, "नाही, खून झालाय. उरलेलं वाटतोय." लोक बरं म्हणून आत जायचे. कार्ड आलं : 'शक्य. दोन तास अकरा मिनिटं.' आणि खाली, जे त्यानं कधीच केलं नव्हतं, एक जास्तीची ओळ : 'दोनदाच वाजवायचो. बरोबर आहे.'

शेवटची राहिली ती कर्टिस मास्तरची. लेखकांची नावं आम्ही झाकत असू, पण त्याची कथा गुळगुळीत कागदावर यायची. या वेळी त्यानं जुनं बर्फघर घेतलं होतं. धक्क्याजवळच्या त्या पडीक इमारतीत वरून खाली बर्फाच्या लाद्या सोडायची लाकडी घसरण आहे, मध्यावर तिला वळण. कथेत टपालवाल्याला वरून आत ढकलतात, तो वळणावर अडकतो आणि दोन तासांत थंडीनं मरतो.

आर्वोनं एडविनला वरून सोडलं. एडविन सरळ खाली येऊन पडला. दुसरा कोणी असता तर त्यानं 'अशक्य' लिहून घर गाठलं असतं. पण आर्वोला ते अन्यायाचं वाटलं, कारण एडविनच्या खांद्यांत हाडं नव्हती. त्यानं लेम्पीसाठी घरी चिठ्ठी ठेवली, 'बर्फघरात मरायला गेलोय, जेवायला येतो,' आणि पाय पुढे करून स्वतः घसरणीत उतरला.

वळणावर तो अडकला. दोन्ही हात वर, पाय खाली.

चाळीस मिनिटांनी कर्टिस मास्तर हातात टेप घेऊन तिथे आला. या वेळी फूट-इंच आपणच खात्रीनं मोजून ठेवावेत म्हणजे वाद नको, असं त्याच्या मनात होतं. पुढचं दोघांनीही मला वेगवेगळं येऊन सांगितलं आणि ते शब्दाला शब्द जुळतं.

घसरणीतून खोकल्याचा आवाज आला.

"आत कोण आहे?" मास्तर म्हणाला.

"मी. तुझा मयत."

मास्तरनं घसरणीत डोकं घातलं. "आर्वो, तू अडकलायस?"

"वळणावर. तू लिहिलंयस तिथेच. ते चांगलं साधलंय."

"थांब, ओढतो तुला."

"हात लावू नकोस. चाळीस मिनिटंच झालीत. तू दोन तास लिहिलेत."

"अरे बाबा, तू मेलास तर लोक मला धरतील. कथा माझ्या अक्षरात आहे."

"टाइप केलेली आहे. आणि मी मरत नाही. एप्रिल आहे, बाहेर पंचेचाळीस फॅरनहाइट. जानेवारीत घ्यायला हवा होता हा खून."

"जानेवारीत दारापर्यंत बर्फ असतो, आत येता येत नाही. तूच म्हणाला असतास."

मग आर्वो म्हणाला, "ते बरोबर आहे. म्हणजे हा खून कधीच होत नाही."

मास्तर तिथे ऐंशी मिनिटं बसून राहिला. मध्येच लेम्पी चिठ्ठी वाचून आली, बरोबर कॉफीचा थर्मास. घसरणीच्या वरच्या तोंडाशी झोपून तिनं त्याच्या वर आलेल्या हातात कप दिला, पण हात खाली तोंडापर्यंत येईना. ती कॉफी मास्तर प्यायला. दोन तास भरल्यावर लेम्पीनं मला बोलावलं. मी दोरी आणि साबणाची बादली घेऊन गेलो, आणि तिघांनी मिळून त्याला वर ओढलं. बाहेर आल्यावर कपडेही न झटकता त्यानं खिशातून कार्ड काढून लिहिलं : 'अडकतो : शक्य. मरतो : अशक्य.'

मास्तरनं ते तिथेच वाचलं. "अर्धा गुण तरी?"

"नियम चार," आर्वो म्हणाला. मुंग्या आलेले हात तो अजून चोळत होता.

बक्षीस समारंभ मे महिन्यात, रविवारी दुपारी, चर्चच्या तळघरात झाला. पहिलं बक्षीस सहा नंबरला गेलं. नावाचं वेगळं बंद पाकीट उघडलं, तर निघाली राउहा केटोला. हमरस्त्याच्या फाट्यावर अंडी विकणारी, साठीची बाई, दोन वाक्यांच्या वर कोणी तिला बोलताना ऐकलेलं नाही. कट रचला गेला त्या दुपारी ती अंडी पोचवायला मास्तरच्या अंगणात गेली होती आणि तिला वाटलं की या वर्षीचा विषयच टपालवाला आहे. दुसरं बक्षीस दवाखान्याच्या उताराला, तिसरं कोणालाच नाही.

मॅबेलबाईंनी आर्वोला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला.

"मी अकरा वेळा मेलो," तो म्हणाला. "त्यातले दोन खरे आहेत. बाकीच्यांनी मेहनत कमी केली. मी डावरा आहे, हे लक्षात ठेवा. राउहा, तुझ्या घरी टकटक ऐकू यायची का? रस्त्यापासून तुझं घर बरंच आत आहे."

राउहा खुर्चीतून न उठता म्हणाली, "खिडकी उघडी ठेवायचे."

"हिवाळ्यात?"

"थोडी."

आर्वोनं मान हलवली आणि तो बसला. लोकांना टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना, मग लेम्पीनं सुरुवात केली.

त्या अकरा कथांचं वाचनालयानं पुस्तक केलं, आणि लेखकांच्या सह्या घेऊन झाल्या की लोक आर्वोकडे जायचे. तो ज्याच्या त्याच्या आवडीच्या खुनाच्या पानावर सही करायचा, डाव्या हातानं, आणि अशक्य कथा असेल तर खाली कारणही लिहायचा. हायवेवर भेटलेल्या एका बाईला त्यानं सौनाच्या दाराचा नकाशाही काढून दिला.

पुढच्या वर्षी लेम्पीनं कथा पाठवली. तिनं लपवलं नाही, पाकिटावर परतीचा पत्ता घातला होता. त्यामुळे आर्वोला बाजूला व्हावं लागलं आणि तपासायला दुसरा माणूस हवा होता. समितीनं कर्टिस मास्तरला सांगितलं. नको नको म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून वही, टेप आणि चाळीस फूट दोरी घेऊन गेला.

लेम्पीच्या कथेत एक विधवा असते, पोलीस येतात, आणि ती त्यांना काहीही करून देत नाही. ती त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जाते आणि तीन गावं पलीकडे जाऊन आपलं काम उरकून, चर्चची घंटा व्हायच्या आत परत येते. मास्तर तीन आठवडे तो रस्ता फिरला. शेवटी त्यानं 'अशक्य' लिहिलं. नदीवरच्या पुलाचं काम धरलं तर नऊ मिनिटं कमी पडतात.

लेम्पी महिनाभर मास्तरशी बोलली नाही. चर्चमध्ये त्याच्या शेजारी जागा असली तरी उभी राहायची.

जूनमध्ये आर्वो खिळे घ्यायला आला. मी त्याला विचारलं, "काय रे, नऊ मिनिटं खरी आहेत का? तू तर बघितलं असशीलच."

त्यानं दाराकडे एकदा बघून घेतलं.

"चौदा कमी पडतात," तो म्हणाला. "घरी बोलू नकोस."

मग पाव पौंड खिळे मागितले, दोन इंची, आणि मी वजन करत असताना काट्याकडे बघत उभा राहिला.